पिवळी चौकट, जाडी पाच

सकाळी ८.१५

नारायण पेठेतला जुना वाडा. जिन्याखालचा गाळा, आठ फूट बाय बारा. भाडं महिना आठ हजार, लाइट बिल वेगळं. मामा शटर वर ढकलतो, उदबत्ती लावतो, मग यूपीएस चालू करतो. भाचा झाडू मारतो. हा भाचा गावाहून काम शिकायला आला आणि त्याच्या तोंडून मामा हे नाव गल्लीभर झालं. पाटीवर 'कॉम्प्युटर दुरुस्ती, टोनर रिफिल' एवढंच आहे. पण बरेच जण येतात ते वेगळ्याच कामासाठी. भंगारात निघालेल्या मशीनवर मामा लिनक्स टाकतो आणि त्यावर ज्याच्या त्याच्या कामाला बसेल असा विंडो मॅनेजर लावून देतो. पडद्यावर कोणती खिडकी कुठे उघडायची, किती जागा घ्यायची, कोणत्या बटणाने पुढे यायची, हे ठरवणारा तो प्रोग्रॅम. तो बदलता येतो, हेच बहुतेकांना माहीत नसतं.

८.४०

पहिलं मशीन झेरॉक्सच्या दुकानाचं. भाचा ते अंगणात नेतो आणि ब्लोअर मारतो. धुळीचा लोट उठतो. पंख्याच्या पात्यांवर टोनरची काळी पूड बसलीय, ती ब्रशने काढावी लागते. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट खडू झालीय. ती खरवडून शेंगदाण्याएवढी नवी लावायची. बोर्डावरचा सेल मेलाय, २०३२ नंबरचा, पंचवीस रुपये. हार्ड डिस्क काढून एसएसडी घालायची आणि दोन जीबी रॅमच्या जोडीला दोन जीबीची जुनी पट्टी.

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, ते या मशीनला नाही. बाकी मशीन ठणठणीत आहे. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले नाहीत, पॉवर सप्लाय आवाज करत नाही. मामा म्हणतो, अजून पाच वर्षं कुठे गेलं नाही हे.

९.३०

पेन ड्राइव्हवरून डेबियन लिनक्स चढतंय. कोणता डेस्कटॉप हवा असं ते विचारतं. भाचा सगळ्या खुणा काढून टाकतो. एकही नको. नुसता पाया हवा.

९.५५

आता मामा भाच्याला बोलावतो. हे प्रत्येक नव्या पोराला तो एकदा दाखवतोच. पडदा काळा. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक पांढरी चौकट, तिच्यात टर्मिनल. बस. ना किनार, ना नावाची पट्टी, ना बंद करायची फुली.

"हलव बरं ती."

भाचा माऊसने ओढतो. हलत नाही. धरायला काहीच नाही. मामा दुसरा प्रोग्रॅम उघडतो, तो पहिल्याच्या डोक्यावर येऊन बसतो. आता खालचा वर आणायचा कसा? येत नाही. दोन्ही चालू आहेत, माऊस ज्याच्यावर नेला त्यात टाइपही होतं, पण मांडणी कुणाच्याच हातात नाही.

मग मामा टर्मिनलमध्ये एक शब्द टाइप करतो, आइसडब्ल्यूएम, आणि एन्टर मारतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन्ही खिडक्यांना किनार येते, वर नाव येतं, खाली टास्कबार उमटतो. भाचा हसतो. "म्हणजे हे सगळं वेगळंच असतं होय?"

वेगळंच असतं. पडद्यावर चित्र उमटवणारी यंत्रणा, एक्स विंडो सिस्टिम, एमआयटीत १९८४ साली सुरू झाली. खिडक्या कशा मांडाव्यात हे तिने स्वतःकडे ठेवलंच नाही. ते काम दुसऱ्या कुणीतरी लिहावं म्हणून मोकळं सोडलं. त्या मोकळ्या जागेत गेल्या चाळीस वर्षांत कितीतरी विंडो मॅनेजर आले. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो. मामाचा धंदा त्या मोकळ्या जागेत उभा आहे.

१०.२०

आइसडब्ल्यूएम मार्को माचेक यांनी लिहायला घेतलं १९९७ च्या सुमारास. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. विंडोजवर हात बसलेल्या माणसाला दोन मिनिटांत जमतं. भाचा मेमरी बघतो. सगळं चालू असूनही तीनशे एमबीच्या आत. बाकीची ब्राउझरसाठी मोकळी. खरी भूक त्यालाच असते.

सगळ्या सेटिंग साध्या मजकुराच्या फायलींत. एकीत मेनू, एकीत बटणं, एकीत कोणता प्रोग्रॅम कसा उघडायचा ते. मामा कुठे क्लिक करत बसत नाही, फाईल उघडतो आणि ओळ लिहितो. गिऱ्हाईक बदललं की फाईलही बदलते. तशा फायलींचं फोल्डर त्याने पेन ड्राइव्हवर जपून ठेवलंय, प्रत्येक फोल्डरला गिऱ्हाईकाचं नाव.

१०.५०

झेरॉक्सवाले भाऊ येतात. चहा सांगितला जातो. तीन कटिंग, तीस रुपये.

"मामा, माझी एकच अडचण. गर्दीत एकाचं आधार कार्ड स्क्रीनवर उघडं असतं आणि दुसरा काउंटरवर वाकून बघतो."

मामा पडद्याचे तीन कप्पे करतो. पहिल्यात ऑनलाइन फॉर्म, दुसऱ्यात व्हॉट्सॲपवर आलेल्या फायली, तिसऱ्यात स्कॅनर. प्रत्येक प्रोग्रॅम आपल्याच कप्प्यात उघडेल अशी ओळ लिहितो. एफ-वन, एफ-टू, एफ-थ्री दाबलं की कप्पा बदलतो. आणि एफ-फोर म्हणजे रिकामा कप्पा, त्यावर फक्त दुकानाचे दर: झेरॉक्स दोन रुपये, रंगीत दहा, लॅमिनेशन तीस. कुणी वाकलं की एफ-फोर.

भाऊ चार-पाच वेळा एफ-फोर दाबून बघतात. मग पाकीट काढतात. एसएसडी बाराशे पन्नास, रॅम साडेचारशे, मजुरी सातशे. एकूण चोवीसशे. सेलचे पैसे मामा लावत नाही. भाऊ शंभर कमी करायला सांगतात, मामा नाही म्हणतो, भाऊ चोवीसशे देतात.

दुपारी १२.१०

स्कूटरवरून वाचनालयात. मामा चालवतो, भाचा मागे पिशवी मांडीवर घेऊन.

दाराशी एक मशीन ठेवलंय, सभासदांना पुस्तकांची यादी शोधायला. पण शाळा सुटली की पोरं येतात. ऑल्ट आणि एफ-फोर दाबून यादी बंद करतात, गेम उघडतात. ग्रंथपाल मॅडम वैतागल्यात.

इथे मामा ओपनबॉक्स हा विंडो मॅनेजर लावतो. त्याची सेटिंग एकाच एक्सएमएल फाईलमध्ये. ती लांबचलांब आहे, पण मामाला तोंडपाठ. खाली जात जात तो ओळी पुसतो. ऑल्ट-एफ-फोर, गेलं. उजव्या क्लिकचा मेनू, गेला. खिडकी छोटी करणं, गेलं. मग ब्राउझरसाठी दोन ओळी घालतो: किनार नको, पूर्ण पडदा हवा. ब्राउझर कसाही बंद पडला तर लगेच परत उघडेल, अशी एक छोटी स्क्रिप्ट. कंट्रोल-ऑल्ट धरून काळ्या पडद्यावर जायची वाट उरते, ती एक्सच्या सेटिंगमध्ये बंद करतो.

भाचा विचारतो, "मामा, कस्टमाइज म्हणजे आपण घालायचं ना? तुम्ही तर नुसतं काढताय."

"या मशीनला एवढंच काम आहे. मग बाकीचं ठेवून कुणाला त्रास?"

एक कंस बंद करायचा राहिलाय. मामा फाईल तपासणारी आज्ञा देतो, ती ओळीचा नंबर सांगते, तो कंस घालतो. मग सेटिंग पुन्हा वाचायला लावतो. मशीन बंद-चालू करायची गरज नाही.

बिल पाचशे. पावतीवर सही होते. पैसे कार्यकारी मंडळाच्या बैठकीनंतर.

१.३०

गाळ्यात परत. डबा: भाकरी, मटकीची उसळ, कांदा. मामा जेवताना बोलतो, एरवी फारसा बोलत नाही.

तो शिकला तो मासिकाबरोबर येणाऱ्या सीडींवर. 'लिनक्स फॉर यू' २००३ मध्ये सुरू झालं, त्याच्या सीडी तो अर्ध्या किमतीत जुन्या बाजारातून आणायचा. त्या काळात डॅम स्मॉल लिनक्स नावाची गंमत होती, अख्खी सिस्टिम पन्नास एमबीत. तिच्यावर फ्लक्सबॉक्स हा विंडो मॅनेजर. कॉलेजच्या लॅबमधून टाकून दिलेल्या मशीनवर ती अशी पळायची की मामाला वाटलं, मशीन म्हातारं झालेलंच नाही.

भाच्याला तो सांगतो की टॉम लास्ट्रेंज यांनी १९८७ साली लिहिलेला टीडब्ल्यूएम आजही डेबियनमध्ये मिळतो. तोच कोड घेऊन १९९३ मध्ये रॉबर्ट नेशन यांनी एफव्हीडब्ल्यूएम केला, मेमरी कमी लागावी म्हणून. तोही अजून चालतो. भाचा २००४ चा. तो भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकतो.

२.४५

शनिवार पेठ. दुसरा मजला, लिफ्ट नाही. पिशवीत काही जड नाही, तरी मामा मधल्या वळणावर थांबतो.

काकू मराठी मजकूर टाइप करून देतात. लेखकांची हस्तलिखितं, प्रबंध, दिवाळी अंकांचं काम. पानाला तीस रुपये, अक्षर लागत नसेल तर पस्तीस. चांगल्या दिवशी पंधरा पानं होतात. उजवा खांदा धरलाय. डॉक्टरांनी माऊस कमी करायला सांगितलाय. पण काम कसं चालायचं? एका खिडकीत हस्तलिखिताचा स्कॅन, दुसरीत मजकूर. दोन ओळी टाइप करायच्या, माऊसने स्कॅनवर जायचं, खाली सरकवायचं, परत मजकुरावर क्लिक. दर दोन ओळींना खांदा हलणार.

म्हणून मामाने इथे आय-थ्री लावलाय. जर्मनीतल्या मिखाएल श्टापेलबेर्ग यांनी २००९ मध्ये सुरू केलेला. यात खिडक्या एकमेकींवर पडत नाहीत, पडदा आपसांत वाटून घेतात. एक उघडली तर पूर्ण, दुसरी आली की निम्मी-निम्मी. डावीकडे हस्तलिखित, उजवीकडे मजकूर. विंडोज की आणि डावा बाण, पेज डाऊन, विंडोज की आणि उजवा बाण. हात कीबोर्डवरून उठत नाही. आय-थ्री करणाऱ्यांनी तो मुख्यतः सरावलेल्या वापरकर्त्यांसाठी आणि प्रोग्रॅमरांसाठी आहे असं सांगून ठेवलंय. काकू दोन्हींपैकी नाहीत. पण दिवसभर मजकूर हाताळणाऱ्या माणसाची गरज प्रोग्रॅमरसारखीच असते, आणि मामाने ते बरोबर ओळखलं.

तक्रारी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवल्यात. तीन आहेत.

"एक. मी मराठीत असले की शब्दकोश उघडतच नाही. इंग्रजीत येऊन दाबलं की उघडतो."

मामाला कारण लगेच कळतं, पण तो भाच्याला शोधायला लावतो. भाचा एक्सईव्ही नावाचा छोटा प्रोग्रॅम उघडतो. कोणतं बटण दाबलं की मशीनला काय कळतं, ते तो छापतो. इंग्रजीत डी दाबलं: बटण क्रमांक ४०, अक्षर डी. आता मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी. तेच बटण: क्रमांक ४०, पण अक्षर हलन्त. पाय मोडायची खूण.

काकूंच्या मशीनवर भाषा बदलली की अख्खा कीबोर्डच बदलतो. आय-थ्रीला सांगून ठेवलंय, विंडोज, शिफ्ट आणि डी दाबलं की कोश उघड. पण मराठीत डी उरतच नाही. तो बिचारा वाट बघत बसतो.

उपाय साधा. अक्षराऐवजी बटणाचा क्रमांक लिहायचा. बोट जिथे पडतं ती जागा काही बदलत नाही. भाचा एकेक बटण दाबून क्रमांक वाचतो, मामा फाईलमध्ये लिहितो. डी ४०, एक्स ५३, एन्टर ३६. अठरा ओळी बदलायच्या. काकू तोवर चहा ठेवतात. या अठरा ओळी बघताना मला बरं वाटलं. मराठीत काम करणाऱ्या माणसाने शॉर्टकटसाठी दर वेळी इंग्रजीत जाऊन यावं, हे कुणी आपलंसं करून घेऊ नये. इथे तर ते मजकुराच्या एका फाईलमध्ये सुटतं.

"दोन. माझी बाही माऊसला लागते आणि टाइप भलतीकडेच होतं."

माऊस जिथे जाईल तिथे लक्ष जावं, ही आय-थ्रीची मूळची सवय. ती बंद करायला एक ओळ पुरते. झालं.

"तीन. कोणत्या खिडकीत आहे तेच दिसत नाही रे. डोळे आता पहिल्यासारखे नाहीत."

मूळची किनार बारीक, निळी. भाचा रंगाची ओळ बदलतो, मामा आय-थ्री जागच्या जागी पुन्हा सुरू करतो. उघडलेला मजकूर जसाच्या तसा राहतो. पण किनार निळीच. भाचा गोंधळतो. त्या ओळीत पाच रंग असतात, त्याने पहिला बदलला. नावाची पट्टी काढून टाकलेली असेल तर भोवतीची किनार रंगवतो तो पाचवा. पाचवा बदलतो. किनार पिवळी होते, पण पांढऱ्या पानाशेजारी फिकी पडते.

"झेंडूचा कर," काकू म्हणतात.

मामा आकडे सांगतो, भाचा टाइप करतो. ई, सहा, ए, आठ, शून्य, शून्य. जाडी दोनाची पाच. नवी जाडी नव्या खिडकीलाच लागते, म्हणून मजकूर सेव्ह करून बंद करतात, परत उघडतात. काकू खुर्ची मागे सरकवतात, चष्मा काढतात, पुन्हा बघतात.

"हां. आता दिसतंय."

मग त्या खुर्ची पुढे ओढून टाइप करायला लागतात. विंडोज, डावा, पेज डाऊन, उजवा. बोटं बघत नाहीत. कपड्याची फिटिंग करतात तसं मामा मागे उभा राहून बघतो, कुठे ओढलं जातंय का. एका जागी करंगळी फार लांब जाते असं त्याला वाटतं. तो एक बटण अलीकडे आणतो.

दीड तास गेला. चारशे रुपये. काकू पाचशेची नोट देतात, मामा शंभर परत करतो.

संध्याकाळी ५.३०

गाळ्यासमोर एक इंजिनिअरिंगचा मुलगा लॅपटॉप घेऊन उभा आहे. हायपरलँड. खिडक्यांचे कोपरे गोल, मागचं चित्र काचेतून दिसावं तसं धूसर, खिडकी उघडते ती अलगद सरकत. त्याने महिनाभर रात्री जागून रंग जुळवलेत. अडचण एवढीच की बाहेरचा मॉनिटर लावला की सगळं दुसरीकडे जातं.

मामाला यातलं जेमतेम येतं. तो मुलाला खुर्ची देतो आणि शेजारी उभा राहून विचारत राहतो. हे एक्सवर नाही, वेलँडवर आहे. तिथे चित्र उमटवणारा आणि खिडक्या मांडणारा असे दोन वेगळे नसतात, एकच प्रोग्रॅम दोन्ही करतो. सकाळी भाच्याला दाखवलेला खेळ इथे दाखवता येणार नाही. मांडणारा पडला की सगळंच पडतं.

दोघे मिळून मॉनिटरची ओळ शोधतात. डावा कोणता, उजवा कोणता, ते सांगितलेलंच नव्हतं. काम होतं. मामा पैसे घेत नाही, पण मुलाला विचारतो, "स्वे वापरलंयस का?" स्वे म्हणजे वेलँडवरचा आय-थ्री म्हणा ना. त्याची १.० आवृत्ती २०१९ मध्ये आली. आय-थ्रीची फाईल त्याला बरीचशी तशीच चालते. मुलगा हो म्हणतो. मामा वहीत लिहून घेतो. मोठे डेस्कटॉप एक्स सोडून निघालेत. काकूंच्या खिडक्या पुढेमागे इकडे आणाव्या लागतील, तेव्हा भाषा बदलायची सोय आधी लावायला हवी.

७.१५

टोनर रिफिल दोन. हे रोजचंच. उधारी.

८.१०

हिशोब. जमा: चोवीसशे आणि चारशे. अठ्ठावीसशे. त्यातून एसएसडी आणि रॅमचे व्यापाऱ्याला पंधराशे. चहा साठ. पेट्रोल ऐंशी. भाच्याला साडेतीनशे. उरले आठशे दहा. सेलचे पंचवीस मामा लिहीत नाही. वाचनालयाचे पाचशे वहीच्या दुसऱ्या पानावर, तिथे आधीची चार नावं आहेत.

मग तो आजच्या तिन्ही फायली पेन ड्राइव्हवर घेतो, तारीख घालून. काकूंच्या फोल्डरमध्ये ही सातवी फाईल.

९.०५

शटर अर्धं खाली. फोन वाजतो.

"अरे, माझा मजकूरच गायब झाला! शब्दकोश उघडायला गेले, आणि अख्खी खिडकीच गेली."

"काकू, घाबरू नका, काही गेलेलं नाही. डी च्या जागी खालचं बटण लागलं असेल. एक्स. ते दाबलं की खिडकी बाजूला लपते. दुपारपर्यंत मराठीत ते चालतच नव्हतं, आता सगळी बटणं चालू केली ना आपण."

"मग?"

"शिफ्ट सोडून द्या. नुसती विंडोज की आणि एक्स."

पलीकडे शांतता, मग, "आली. मधोमध आली, वरच्या वर."

"आता विंडोज, शिफ्ट, स्पेस. जागेवर बसेल."

"बसली." थोडं थांबून, "म्हणजे लपवलेली खिडकी त्या एका बटणाने केव्हाही वर येते?"

"येते. परत दाबलं की जाते. उद्या काढून टाकू का ती ओळ?"

"काढू नकोस. शब्दकोश ठेवते तिथे. निम्मा पडदा अडवून बसतो मेला."

मामा शटर तसंच ठेवून आत जातो, वही काढतो. काकूंच्या पानावर लिहितो: कोश, ५३, सुरू होतानाच लपवून ठेवणे.